अस्वलाचे लाल बूट

मित्रांनो, मी नक्की कोण आहे यावर आजवर कोणाचं एकमत झालेलं नाही. काही मुलं मला कुत्रा म्हणतात. एका आजीबाईंनी मला बराच वेळ न्याहाळलं आणि शेवटी 'वानर शे' असा निकाल दिला. पण माझ्या पोटावर फिकट झालेल्या अक्षरांत लिहिलं आहे, 'अस्वलदादाच्या हाताला डोकं लागलं, तरच बोटीत बसा.' त्यावरून मी स्वतःला अस्वल समजतो. जाड पत्र्याचं, एक हात आडवा धरून वर्षानुवर्षं उभं असलेलं, एक जुनं अस्वल.

मला धुळ्याच्या भिकन पेंटरने घडवलं. दुकानांच्या पाट्या आणि ट्रकमागची फुलं रंगवण्यात त्याचा हात बसलेला होता. अस्वल मात्र त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने पत्रा कापला, घासला, तपकिरी रंग चढवला आणि अस्वल अनवाणी उभं राहिलं तर सराटे टोचतील म्हणून माझ्या पायांत लाल बूट रंगवले. ते बूट झकास आहेत असं मी नेहमी ऐकायचो. मला स्वतःला ते कधी दिसले नाहीत, कारण माझे डोळे सरळ समोर रंगवलेले आहेत.

जळगावहून धुळ्याकडे जाताना पारोळ्याच्या अलीकडे 'मौजवाडी' नावाची पाळण्यांची बाग लागते. तिथल्या झुलत्या बोटीच्या दारात मला रोवलं गेलं. बोटीत बसलं की मांडीवर एक लोखंडी दांडा येतो. बोट वर चढली की मोठ्या मुलांना तो धरून ठेवतो, पण अगदी लहान मूल त्याच्या खालून घसरू शकतं. म्हणून मी. माझ्या हाताला डोकं लागलं की आत, नाही लागलं की बाहेर.

काम सोपं होतं, पण त्याने मी कायम गोंधळात राहिलो. मुलं माझ्यापुढे टाचा उचलत, केस फुगवत. एकाने तर स्वतःच्या बुटांत केळीची पानं दुमडून घातली होती. परत पाठवलेलं मूल मला लाथ मारून जाई, आणि त्याच्या मागे उभी असलेली त्याची आई मला हळूच हात जोडून जाई. लाथ खरी की हात जोडणं खरं, हे मला उमगत नसे.

मौजवाडीला येणारी काही माणसं नुसती गिऱ्हाइकं नव्हती. ती वर्षाचा पास काढून दर रविवारी येत. त्यांचा मोबाइलवर एक गटही होता. मालक गिरधरनानांनी मागचं कपाशीचं शेत विकत घेतलं आणि या मंडळींना विचारलं, की इथे नवीन काय आणू? झालं. त्या दिवसापासून दर रविवारी माझ्या शेजारच्या निंबाखाली सभा भरू लागली.

चोपड्याच्या कुंदनला उंचच उंच रोलर कोस्टर हवी होती. घरची केळीची बाग, हातात सतत मोबाइल, आणि देशातल्या प्रत्येक पाळण्याची माहिती तोंडपाठ. जळगावच्या हितेंद्रसरांना लाटांचा तलाव हवा होता. कुंदन म्हणे, सर, तुम्हा जळगावकरांना पाण्यापलीकडे काही दिसत नाही. सर म्हणत, बाबा, वैशाखात तुझ्या कोस्टरच्या लोखंडावर बसून दाखव, मग बोलू. पारोळ्याचे अमृतआबा नातवंडांना घेऊन येत. त्यांना फक्त झुकझुक गाडी शेताला वळसा घालून फिरावी असं वाटे, म्हणजे बसल्या बसल्या डुलकी काढता येईल.

या सभांमध्ये माझाही विषय निघे. एकदा ठरलं की मला भंगारात द्यायचं आणि उंची सांगणारं यंत्र आणायचं. पुढच्या रविवारी ठरलं की मला रंगवून वाघ करायचं. त्यानंतर ठरलं की मला मुख्य दरवाजात उभं करायचं, लोक फोटो काढतील. मी दर रविवारी निराळा व्हायचो आणि सोमवारी परत तोच असायचो.

या मंडळींत एक समीक्षा होती. धुळ्याची, एम.एस्सी. झालेली, नवरा प्रशील शिरपूरच्या कॉलेजात शिकवणारा. ती आली की आधी कठड्याला हात लावून बघे, खिळा वर आलाय का ते तपासे, मग बोट चालवणाऱ्या लोटनभाऊंना विचारे, की आज नटबोल्ट आवळले का. लोटनभाऊ हसत म्हणत, ताई, तुम्ही आल्या की बोटपण नीट उभी राहते.

तिची मुलगी ऋतिका दुसरीत होती आणि वर्गात सगळ्यांत बुटकी होती. तिच्या मागून जन्मलेली मामेबहीण बोटीत बसून आली, तरी ऋतिका अजून माझ्या हाताखालीच. समीक्षा तिला माझ्यापुढे उभी करी, 'ताठ राहा' म्हणे, आणि तिचं डोकं व माझा हात यांच्यामधल्या रिकाम्या जागेकडे अशी बघत राही, की मला माझा हात खाली घ्यावासा वाटे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाढेल, घाई करू नका. पण नातेवाईक तेवढ्यावर थांबत नव्हते. पोरीला खायला घालतेस की नुसती पुस्तकं वाचतेस, असं तिला लग्नकार्यांत ऐकावं लागे.

कोस्टरचा विषय तिनेच एकदा अडवला होता. तिचं म्हणणं साधं होतं. इथल्या अर्ध्या मुलांचं डोकं या अस्वलाला लागत नाही, मग त्याहून मोठ्या पाळण्यात बसणार कोण? सगळे हसले. कोस्टर मागे पडली.

मग पावसाळा सरला. बोट तेलपाण्यासाठी बंद ठेवली गेली. नवीन शेताकडे जाणारी वाट चांगली व्हावी म्हणून माझ्या आजूबाजूला मुरूम टाकून दाबला गेला आणि वर सिमेंटचे गट्टू बसवले गेले. माझ्या पायांशी दिवसभर खडखड चालली होती. मला वाटलं, माझीच सेवा चालली आहे.

पुढच्या रविवारी नवल घडलं. बोट बंदच होती, पण मुलं सवयीने माझ्यापुढे येऊन उभी राहिली, आणि एकामागून एक माझ्या हाताला टेकली. कालपरवापर्यंत परत जाणारी मुलं. ऋतिकासुद्धा.

समीक्षाने मुलीचं डोकं आणि माझा हात यांच्यामध्ये बोट सरकवून पाहिलं. सरकेना. पुन्हा पाहिलं. मग ती तिथेच गट्टूंवर बसली आणि मुलीला छातीशी धरून रडली. लोटनभाऊंनाही गलबलून आलं. "पोर वाढनी बरं ताई तुम्हनी," ते म्हणाले. तिने तिथूनच प्रशीलला फोन लावला.

कुंदनने तर सगळ्या मुलांना रांगेत उभं करून व्हिडिओ काढला, 'खान्देशची नवी पिढी उंच झाली!' हितेंद्रसरांनी याचं श्रेय शाळेतल्या कवायतीला दिलं. कुंदनने केळीला दिलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाऊन पोरं वाढतात, हे आबांचं मत. नंतर थोडं थांबून त्यांनी डोकं खाजवलं. "पन बठ्ठा पोरे एकदम कसा काय वाढनात?"

सगळीच मुलं एकदम कशी वाढली, हा प्रश्न मलाही पडला होता, मित्रांनो. मी तर जागचा हललो नव्हतो. आता कोस्टरला कोणाचीच हरकत उरली नव्हती. बोट पुन्हा सुरू होईल त्याच रविवारी भरीत-पुरीचा बेत करायचा आणि त्याच पंगतीत कोस्टर पक्की करायची, असं ठरलं.

तो रविवार उजाडला. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, धूर माझ्या नाकातोंडात जात होता, केळीची पानं धुऊन ठेवली होती. बोटीपुढे मुलांची रांग लागली. सगळ्यांत पुढे ऋतिका, नव्या फ्रॉकमध्ये, पाय एका जागी ठरत नव्हते.

समीक्षा मात्र कठड्याला हात लावायला विसरली. माझ्यासमोर येऊन तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि तिची नजर माझ्या पायांशी अडकून राहिली. मुलीचा हात तिने घट्ट धरला. रांगेत मागून कोणीतरी म्हणालं, चला ना ताई. लोटनभाऊ बोटीच्या दारातली साखळी काढू लागले.

"लोटनभाऊ, थांबा जरा," ती म्हणाली. "या अस्वलाचे बूट कुठे गेले?"

हितेंद्रसरांना ती गंमत वाटली. ते म्हणाले, शिवायला टाकले असतील. लोक हसले. ती हसली नाही. चाचरत, मध्येच थांबत तिने सांगितलं, की मुलगी वाढली म्हणून आनंदाने तिने शाळेच्या फ्रॉकची दुमड उसवली. फ्रॉक घालून पाहिला, तर तो गुडघ्याखाली लोंबायला लागला. पुन्हा होता तसा शिवावा लागला. मुलगी मागच्या वर्षी होती तेवढीच आहे. रात्रभर तिला कळेना, की मग हे डोकं हाताला लागलं कसं.

कुंदनचा चेहरा पडला. आज त्याची कोस्टर पक्की होणार होती. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, तुमची मुलगी पहिल्या नंबरला उभी आहे. किती दिवसांपासून वाट बघतेय. तिचं तरी बघा."

"तिचंच बघतेय," समीक्षा म्हणाली.

गिरधरनाना पंगतीतून उठून आले. त्यांनी लोटनभाऊंना नुसती मान हलवून खूण केली. लोटनभाऊंनी पहार आणली, माझ्या पायाशी एक गट्टू उचकटला, मग दुसरा, आणि खालचा मुरूम हाताने उकरला. मुरमातून लाल रंग वर आला, असं कोणीतरी ओरडलं. माझे बूट. वीतभर खाली गेलेले.

"घ्या," लोटनभाऊ मुरमाचे हात झटकत म्हणाले. "अस्वल मातीमा गये, अन् आपन म्हनतस पोरे वाढनात."

नानांनी बोट तेवढ्यापुरती बंदच ठेवली आणि माझ्याभोवतीचे गट्टू काढून जमीन पहिल्यासारखी करायला लावली. मग मुलं पुन्हा माझ्यापुढे आली. बरीचशी परत गेली. काहींच्या वडिलांनी समीक्षाकडे रागाने पाहिलं. एका आईने जाता जाता तिचा खांदा दाबला. कुंदनने मान खाली घालून मोबाइलवरचा व्हिडिओ काढून टाकला. पंगतीत कोस्टर, तलाव, गाडी असा सगळा वाद पहिल्यापासून सुरू झाला. नाना एवढंच म्हणाले, की काहीही आणू, पण आधी त्याच्या दाराशी जमिनीपासून उंचीच्या खुणेपर्यंतचं अंतर मी स्वतः मोजीन. माझं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही.

ऋतिका रडली नाही. तिची पाळी आली तेव्हा ती माझ्यापुढे आली, डोक्यावर हात ठेवून तिने वर पाहिलं, मग आईकडे.

"मम्मी, मी परत लहान झाले?"

"नाही गं राणी. तू तेवढीच आहेस. जमीन वर आली होती."

ऋतिकाने उकरलेल्या मुरमाकडे बघितलं.

"मग जमीन वाढली, तर मी का नाही वाढत?"

समीक्षा खाली वाकली, मुलीच्या तोंडासमोर तोंड आणून बसली, आणि दोघी तशाच राहिल्या. बोट रिकामीच त्यांच्यामागे वाऱ्यावर हळूहळू डोलत होती.

मित्रांनो, माझ्याकडे याचं उत्तर नाही. कोणतं मूल कधी वाढेल हे पत्र्याच्या अस्वलाला कळत नाही, आणि मला वाटतं, डॉक्टरांनाही पुरतं कळत नसावं. मला एवढंच मागायचं आहे. माझ्यासारखं काहीतरी तुमच्या वाटेत हात आडवा धरून उभं असेल, तर त्याला लाथ मारा हवी तर, पण त्याच्या पायाखालची जमीन कोणी बदलली नाही ना, ते मोठ्यांना बघायला सांगा. आणि हाताखालून परत फिरणारं एखादं मूल दिसलं, तर त्याला 'किती वाढलास' असं विचारू नका. त्याच्याबरोबर थोडं चाला.