म्हातारपणाची हौस

वैशाखातल्या दुपारी कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा गंध घरभर दाटला, की मला माझी थोरली बहीण सुनंदाताई दिसते: जरीपटका वस्तीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, वाळत घातलेल्या कुरडया एकेक करून उलटवणारी. नागपूरच्या उन्हाशी तिचं जन्माचं भांडण, आणि ते ती हसत हसत भांडायची.

नवरा गेला तो तिच्या रक्तात एचआयव्ही ठेवून. तिचेही दिवस भरले, असं लोकांनी मनोमन धरलं. तिने मात्र गोळीची वेळ कधी चुकवली नाही, आणि तपासणीत विषाणू दिसेनासा झाला. मग तिला एकच हौस उरली, म्हातारं होण्याची. कानशिलाशी पहिली रुपेरी बट उगवली तेव्हा ती आरशासमोर नव्या नवरीसारखी रेंगाळली. मी मेंदी लावू का विचारलं, तर उसळलीच. "काहून वं? म्हातारी व्हायसाठीच त गोळ्या खाऊन राहिली मी!"

दवाखान्यात तिला हृदय तपासून घ्यायला सांगितलं होतं. कुरडया आटोपल्या की जाऊ, असं तिने ठरवलं. त्या दुपारी ती गच्चीवरून उतरली ती घामाने निथळत, छाती चोळत. "ऊन लागलं वं मले, पन्हं दे." आमच्याकडे मे महिन्यात घेरी, मळमळ, घाम या साऱ्यांचं नाव एकच आणि उपायही एकच. मी पन्हं दिलं, तळपायांना कांदा चोळला. पेला अर्धा झाला आणि माझ्या हातातला तिचा हात जड होत गेला.

डॉक्टरांनी नंतर समजावलं, ते ऊन नव्हतं, हृदयविकाराचा झटका होता: विषाणू निपचित पडला तरी देह निश्चिंत होत नाही, चोर कोंडला गेल्यावरही पहारेकऱ्याने अखंड काठी आपटत राहावं, तसा आतला सूक्ष्म दाह रक्तवाहिन्यांना झिजवत राहतो. शेजारच्या काकू सांत्वनाला आल्या नि म्हणाल्या, "त्या रोगानं त नाही गेली ना, तेवढंच बरं." मला फार रडू आलं.

येत्या चैत्रात मी माझ्या थोरल्या बहिणीहून वयाने मोठी होईन. ज्या म्हातारपणासाठी ती एवढी झुरली, ते काळ मला न मागता देऊ करतो आहे, आणि ते घ्यायला माझा हात पुढे होत नाही.