डॅनिंगला आवडलेला बँड

मिलवॉकीत माझं रेकॉर्डचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. चेस्टर गोर्स्की आणि त्याच्या दोन भावांचा बँड माझा भारी लाडका. गिटारी काचा थरथरवणाऱ्या, त्यात लग्नात पोल्का नाचाला वाजायचा तो बापाचा अ‍ॅकॉर्डियन, आणि वर चर्चमधल्यासारखे तिघांचे गळे. पोल्कावाले म्हणायचे गोंगाट आहे, पोरं म्हणायची म्हाताऱ्यांचं आहे. मेल्यांना कानच नव्हते!

रेकॉर्ड घेणारा एकच, लायल डॅनिंग. कडक इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज. नवा गठ्ठा आला की सगळा उचलायचा.

"एवढ्या वाटता कुणाला?" मी एकदा विचारलं.

"वाटतो? छे! सगळ्या घरी कुलपात. बाहेर गेल्या तर उद्या दूधवाला शिट्टीवर वाजवेल हे गाणं. मला नाही सहन व्हायचं, बाई."

हे मी चेस्टरला सांगितलं, तर तो हसला. "घेतोय ना, मावशी? मग तुझ्या का पोटात दुखतंय?"

शेवटी एक रेकॉर्ड मी गल्ल्याखाली दडवली आणि शिकागोला, रेकॉर्ड कंपनीतल्या ओळखीच्या माणसाकडे धाडली. त्याचा फोन आला, "यांना कुठे लपवून ठेवलं होतंस? शुक्रवारी ऐकायला येतो."

शुक्रवारी संध्याकाळी मी धावतच कोपऱ्यावरच्या, बँड वाजवायचा त्या बारमध्ये गेले. तिथे तळलेल्या माशांवर सगळी गर्दी तुटून पडली होती. बँडचा कोपरा मात्र रिकामा. चेस्टरशेजारी डॅनिंग जेवत होता.

"मावशी, आम्हाला मॅनेजर मिळाला! कालच सह्या केल्या."

"अरे, पण शिकागोचा माणूस येतोय!"

"त्यांचा चेस्टरकडे फोन आला होता," डॅनिंग काटा काढत म्हणाला. "मी नको म्हणून कळवलं."

"एवढ्यात नको, मावशी. लायल म्हणतो, अजून मुरायला हवं. त्यानं आपल्या घराच्या तळघरात खोली बांधलीय आमच्यासाठी."

"करार किती दिवसांचा?"

डॅनिंगनं तोंड पुसलं. "गाणी सुचतील तोवर."

मी चेस्टरचं मनगट घट्ट धरलं. "हा तुमचं गाणं कुणाला ऐकू द्यायचा नाही," मी म्हणाले. त्यानं हात सोडवून घेतला. "वेडी आहेस का? आमच्या गाण्याला याच्याइतका जीव कुणी लावलाय?"

सामान आधीच डॅनिंगच्या मोटारीत चढलं होतं. तिघे भाऊ मागे बसले आणि बसल्याबसल्या गायला लागले. इतकं सुरेख की फुटपाथवरून जाणारी एक बाई थबकली. डॅनिंगनं तिच्याकडे पाहिलं. मग वाकून एकेक काच वर चढवली.