फेरे कमी, दाब तसाच

दोन हजार तीनच्या ऑक्टोबरात ट्रॉलरवर जाळं ओढणाऱ्या विंचच्या दोरात लवू तारीचा उजवा हात सापडला. तीन बोटं गेली, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट राहिलं. वीस वर्षं बोटीच्या इंजिनावर काढलेला माणूस घरी बसला. घर मालवणला, दांडीच्या किनाऱ्यावर. पुढच्या अंगणातून बोटी दिसायच्या, म्हणून तो मागच्या पडवीत बसू लागला. कुणी विचारपूस करायला आलं की हात टॉवेलाखाली जायचा. त्याच्या जागी लागलेला बाबू दोनदा येऊन गेला. लवूने दोन्ही वेळा झोपेचं सोंग घेतलं.

पडवीतच मुलीचा कॉम्प्युटर होता. योगिनी बाजारात कॉम्प्युटर क्लासला शिकवायची आणि रविवारी दुपारी लढाऊ विमानांचा एक खेळ खेळायची. विमान महायुद्धाच्या काळातलं, एका इंजिनाचं. तळावरून उडायचं, समुद्र ओलांडून बेटापर्यंत जायचं, तिथे लढायचं आणि परत यायचं. योगिनी लढाई जिंकायची, पण परतीच्या वाटेवर तेल संपून पाण्यात पडायची. दर वेळी.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती पाचव्यांदा पडली आणि लवूला राहवलं नाही.

"इंजिन बोंबलता आसा. तुका आयकाक येना?"

योगिनी चमकून वळली. चार महिन्यांत बाबा आपण होऊन बोलले नव्हते.

"बाबा, लढाईत जोर लागता."

"लढाईत लागांदे. पण जाताना कित्याक? खंय जावची घाई आसा?"

तिने खुर्ची सरकवली आणि पडद्यावरचे काटे दाखवले. हा पंख्याच्या फेऱ्यांचा, हा इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबाचा. दोन्ही वेगवेगळे कमीजास्त करता येतात. तिसरी कळ तेल पातळ करायची, म्हणजे हवा जास्त आणि तेल कमी. लवू पुढे वाकला. भरल्या बोटीने घरी येताना तो फेरे उतरवायचा. वेग थोडा पडायचा, डिझेल मात्र पुष्कळ वाचायचं. पण फेरे आणि दाब वेगळे ठेवायची सोय त्याच्या इंजिनाला कधी नव्हती.

"मगे फेरे कमी कर. दाब रवांदे तसोच. आणि तेल पातळ कर."

त्यांनी तसं केलं. तेल इतकं पातळ केलं की अर्ध्या वाटेवर इंजिन तापलं, ठोके देऊ लागलं आणि बंद पडलं. विमान बेट दिसायच्या आधीच पाण्यात.

"माजी चूक," लवू म्हणाला. योगिनीला वाटलं, आता हे परत भिंतीकडे तोंड करतील. पण आठवडाभर तो रोज विचारत राहिला, तापाचा काटा कुठवर गेला की ठोके सुरू होतात?

पुढच्या रविवारी तिने विमान वळवायचा दांडा स्वतःकडे घेतला आणि इंजिनाच्या कळा बाबांकडे दिल्या. लवूने डावा हात पुढे केला, पण तो अडखळू लागला. मग त्याने टॉवेल बाजूला ठेवला आणि उजव्या हाताचं उरलेलं बोट कळेवर ठेवलं. योगिनीने पाहिलं आणि विमान उडवलं.

जाताना त्याने फेरे उतरवले, तेल बेताने पातळ केलं. दर दोन मिनिटांनी तापाचा काटा बघे. लढाईत मागितला तेवढा जोर दिला. परतताना मात्र शत्रूचं एक विमान मागे लागलं.

"बाबा, पुरो जोर देवा!"

"दोन मिन्टां. जास्त नाय."

दोन मिनिटं झाली आणि त्याने जोर खरंच काढून घेतला.

"बाबा! तो मारतलो माका!"

"खाली घाल नाक. उताराक वेग फुकट गावता. घरी जावचा मा तुका?"

ती चिडली, पण नाक खाली घालून ढगात शिरली. शत्रू चुकला. तळ दिसला तेव्हा तेलाचा काटा शून्याला टेकला होता. पंखा दोनदा अडखळला आणि थांबला. तरंगत आलेलं विमान धावपट्टीच्या अलीकडच्या गवतात आपटलं, पण चाकांवरच.

दोघांचा आरडाओरडा ऐकून लवूची बायको राधाबाई हातातली मासळी टाकून धावत आली.

"काय झाला गो?"

"पोचलंव!" लवू म्हणाला. राधाबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघतच राहिली.

मंगळवारी बाबू पुन्हा आला. या वेळी लवू जागा होता.

"काका, फेरे वाढवले की काळो धूर येता. डिझेल तर पाण्यासारख्या जाता."

"सांगान कळाचा नाय. आयकाक होया." लवूने चपला घातल्या.

चार महिन्यांनी तो बोटीवर चढला. बाबूने इंजिन सुरू केलं आणि लवू डोळे मिटून ऐकत राहिला. हवेची जाळी चोंदली होती आणि डिझेल फवारणारी एक नळी बिघडली होती. दोन्ही बाबूने खोलली. लवूने फक्त कुठे हात घालायचा ते सांगितलं.

शुक्रवारी तो त्यांच्याबरोबर समुद्रात गेला. विंच फिरू लागला. इंजिनाच्या झाकणाला धरून तो खाली बसला.

"काका, बरा मा?" बाबूने विचारलं.

"बरा नाय," लवू म्हणाला. "पण जाळा येवंदे वर. मी हय बसलंय."