कॉफीच्या किटलीतला चहा

मित्रांनो, माझी उंच मान आणि लांब नाक पाहून तुम्ही लगेच म्हणाल, ही तर कॉफीची किटली! बरोबर आहे. मी कथलाची एक जुनी कॉफीची किटली आहे. पण माझ्या पोटात कॉफी फार थोडी पडली. ते कसं, तेच आज सांगते.

बॉस्टन बंदराजवळच्या एका कारागिराने मला घडवलं. त्याने मला इतकं चकचकीत घासलं की माझ्यात पाहून त्याने स्वतःची दाढी केली. मग मिस्टर प्रॅटनी मला विकत घेतलं आणि आपल्या नव्या नवरीसाठी खेड्यात नेलं. नवरीचं नाव थँकफुल, म्हणजे कृतज्ञ. आमच्याकडे मुलींना अशी गुणांची नावं देतात. पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! मला पाहताच ती म्हणाली, "कॉफीची? अहो, मी चहा पिते हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, तुम्हालाच तेवढं नाही!"

झालं! मी फळीवर गेले आणि टेबलावर चिनी मातीची चहादाणी मिरवू लागली. मला तिचा फार हेवा वाटे. वर्षं गेली. मिस्टर प्रॅट वारले. थँकफुलच्या थँकफुलकाकू झाल्या आणि गावची सुईण म्हणून नावाजल्या. निम्मं गाव त्यांच्या हातांवर जन्मलं. अडलेली बाळंतीण सोडवून आल्या की त्या चुलीपाशी बसून चहा पीत. तेवढंच त्यांचं सुख होतं.

तेव्हा आमचे लोक स्वतःला विलायतेच्या राजाची प्रजा म्हणवत. राजाच्या वाढदिवसाला आनंदाने बंदुकीचे बार काढत. पण समुद्रापलीकडच्या कायदेसभेने इथल्या कागदावर कर बसवला. मग काचेवर, रंगावर आणि चहावरही बसवला. त्या सभेत आमचा एकही माणूस नव्हता. "विचारायचं नाही आणि खिशात हात घालायचा! हा कुठला न्याय?" असं लोक म्हणू लागले. आधी नुसती कुरकुर होती. मग अर्ज गेले, मग विलायती मालावर बहिष्कार आला. बॉस्टनमध्ये सैनिकांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या. पुढे लोकांनी जहाजांवरचा चहा समुद्रात ओतला आणि राजाने चिडून बंदरच बंद केलं. आमच्या खेड्याने उपाशी बॉस्टनला मेंढ्या आणि धान्य पाठवलं, आणि शेतकरी कुरणात बंदुकीचा सराव करू लागले.

गावाने शपथ घेतली की चहा प्यायचा नाही. बायका रासबेरीची पानं उकळून पिऊ लागल्या आणि त्यालाच 'स्वातंत्र्याचा चहा' म्हणू लागल्या. काकूंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "अगं बाई! हे गाईला पाजलंत तर ती दूध आटवेल."

शपथ त्यांनीही घेतली होती. पण सवय सुटेना. मग त्यांनी चहादाणी खिडकीत उपडी घातली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि औषधांच्या पेटीत लपवलेला चहा माझ्यात उकळला. मित्रांनो, इतक्या वर्षांनी कुणीतरी मला चुलीवर ठेवलं! मी आनंदाने नुसती खदखदत होते.

शपथ पाळली जाते का हे पाहायला गावाची समिती होती. तिचा मुख्य होता रूफस हॉब्ज. माणूस सरळ, पण नाक भारी तिखट. एप्रिलमधल्या एका सोमवारी तो आला आणि चहादाणी हुंगू लागला.

"हुंग, हुंग! कुत्र्यानेही इतकं हुंगू नये," काकू म्हणाल्या. "मेल्या, जन्मताच उलटा धरून तुला पहिल्यांदा मीच रडवलंय."

"रागावू नका, काकू. काम आहे माझं," रूफस हसला. मग त्याने मला पाहिलं. "कॉफी आहे वाटतं? पेलाभर द्या की."

काकूंनी पेला पुसायला बराच वेळ घेतला. पण नाही कसं म्हणणार? त्यांनी ओतला. रूफसने घोट घेतला, डोळे मिटले आणि, काय सांगू, पेला तळापर्यंत रिकामा केला! मग त्याचा चेहरा पडला.

"काकू, हा चहा होता. पहिल्याच घोटाला कळलं, तरी मी सगळा प्यायलो. रविवारी मला उभं राहावं लागेल."

आमच्या गावची रीतच तशी. ज्याच्या हातून चूक झाली त्याने रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं. पण रूफस बोलला, तर काकूंचंही नाव निघणार. आणि देशद्रोही ठरलेल्या बाईला बाळंतपणाला कोण बोलावणार? रूफसचीच बायको सबमिट, म्हणजे आज्ञाधारक, हिचे दिवस भरत आले होते. काकूंना त्या पोरीची काळजी लागून राहिली.

बुधवारी भलतंच घडलं. घंटा घणघणल्या. राजाचे सैनिक आमच्या लोकांचा दारूगोळा जप्त करायला निघाले होते आणि वाटेत त्यांनी आपल्या माणसांवर गोळ्या झाडल्या होत्या. गावचे गडी बंदुका घेऊन धावले. आता कुरकुर नव्हती, अर्ज नव्हते. लढाई सुरू झाली होती. शनिवारी आमची माणसं परतली. सगळी परतली हो! रूफसच्या टोपीला तेवढं भोक पडलं होतं.

रविवारी काकूंनी मला शालीखाली घेतलं आणि प्रार्थनाघर गाठलं. प्रार्थना संपली. रूफस उठला. तो तोंड उघडणार इतक्यात काकू ताडकन उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला वर धरलं.

"याला बसवा खाली! चहा मी केला, मी प्यायले, आणि यालाही मीच पाजला. किटली कॉफीची, म्हणून कुणाला कळलं नाही. आता काय ते ठरवा."

मग पोट सावरत सबमिट उठली.

"कुणी काहीही ठरवा, माझ्या बाळंतपणाला थँकफुलकाकूच येणार. आणि..." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "आपल्याही कॉफीच्या किटलीत चहाच असतो."

"अगं, आपल्या घरात?" रूफस ओरडला.

"आपल्याच घरात! तुम्ही गावभर हुंगत फिरता, घरी कधी हुंगलंत?"

मागून एक बाई उठली. "माझ्याही." मग आणखी एक. मग पाद्रीबाबांची बायको उठली आणि पाद्रीबाबांनी कपाळाला हात लावला! कुणीतरी खुदकन हसलं आणि बघता बघता छप्पर उडेल असा हशा पिकला.

"आता दंड कुणाला करू?" रूफसने डोळे पुसत विचारलं.

"दंड मी सांगते," काकू म्हणाल्या. "बंदुकांना गोळ्या कमी पडतायत ना? मग पाप झाकणारं जे जे झाकण आहे, ते सगळं वितळवा!"

त्या दुपारी कुरणात चूल पेटली. एकेक बाई आली आणि आपल्या किटलीचं झाकण कढईत टाकून गेली. सगळ्यांत आधी माझं पडलं. मला मुळीच वाईट वाटलं नाही. चार दिवसांनी काकूंनी सबमिटची गोरीपान मुलगी हातात घेतली आणि नंतर, खरंच सांगते, त्या माझ्यातून रासबेरीचा काढा प्यायल्या. तोंड मात्र वाकडं केलं.

मित्रांनो, जुन्या भांड्यांची निगा राखत जा. मला खुशाल घासा, पुसा. पण कुणाला दया आली म्हणून माझ्यावर नवं झाकण बसवू नका. माझं झाकण हरवलेलं नाही. ते मी दिलं आहे.