डावीकडचं अक्षर

कसबा पेठेत श्यामसुंदरकाकांचं झेरॉक्सचं दुकान आहे. अस्मिताचा प्रबंध छापायला आम्ही तिथे गेलो. काकांनी पेनड्राइव्ह लावला आणि आत सगळे शॉर्टकट निघाले. धामण, घोणस, नानेटी, प्रबंध: प्रत्येक फोल्डरच्या जागी कोपऱ्यात बाण असलेलं एकेक चिन्ह. क्लिक केलं तरी काही उघडेना.

कात्रजच्या टेकड्यांवर दोन पावसाळे फिरून तिने काढलेले सापांचे फोटो त्यात होते. तिचा लॅपटॉप गेल्या आठवड्यात चहा सांडून बिघडला होता. दुसरी प्रत नव्हती आणि दुपारी तोंडी परीक्षा होती.

"व्हायरस," काका म्हणाले. "फॉरमॅट मारून देतो. नव्यासारखा होईल."

"आणि आतलं?"

"आत काही दिसतंय का तुम्हाला?"

अस्मिताने पेनड्राइव्ह काढून घेतला. "काका, व्हायरस तुमच्या मशीनमधलाच आहे."

"दिवसभर लोक येऊन इथे पेनड्राइव्ह खुपसतात. व्हायरसची कुंडली मी ठेवत नाही."

मी माझा लॅपटॉप काउंटरवर उघडला आणि पेनड्राइव्ह त्याला लावला. "कुठल्याही चिन्हावर क्लिक करू नकोस, केयूर," अस्मिताने बजावलं. फोनवर शोधून मी एक कमांड मिळवली, कमांड लिहायची काळी खिडकी उघडली आणि पेनड्राइव्हवर जायला `cd E:` लिहिलं. चूक दाखवली नाही, म्हणजे झालंच असेल. मग ती लांबलचक कमांड टाइप केली आणि एंटरवर बोट ठेवलं.

"थांब. डावीकडे काय आहे, वाच."

डावीकडे अजून C: होतं.

"`cd` ने ड्राइव्ह बदलत नाही. नुसतं E: लिहायचं. आत्ता एंटर दाबला असतास, तर तुझ्याच लॅपटॉपमधल्या लपवलेल्या फायली उघड्या पडल्या असत्या."

"पण त्याने एरर कुठे दिली?"

"तू जेवढं विचारतोस तेवढंच तो सांगतो. आधी डोकं कुठे आहे ते बघ, मग हात लाव."

हे वाक्य मी टेकडीवर ऐकलं होतं. साप दिसला की आम्ही बाकीचे साप बघतो. ती डोकं शोधते आणि ते सापडेपर्यंत जागची हलत नाही. आत्ता तिची दोन वर्षं त्या पेनड्राइव्हमध्ये अडकली होती आणि तरी ती तशीच उभी होती.

तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. माझी ओळ पुसून `E:` लिहिलं. डावीकडचं अक्षर बदललं. मग `dir`. यादीत फक्त शॉर्टकट आले, पण तिची नजर शेवटच्या ओळीवर होती. तिथे किती जागा रिकामी आहे ते दिसतं.

"पेनड्राइव्ह जवळजवळ भरलेला आहे. शॉर्टकटना एवढी जागा लागत नाही. म्हणजे फोटो आत आहेत."

मग `dir /a`, म्हणजे लपवलेलंही दाखव. धामण, घोणस, नानेटी, प्रबंध.

काका काउंटरवरून वाकले. "हे मगाशी नव्हते!"

"होते. व्हायरसने लपवले होते."

तिने `attrib -h -s -r *.* /s /d` लिहिलं. फायलींवरचे लपवल्याचे शिक्के काढून टाकणारी कमांड. डावीकडे E: आहे हे पुन्हा वाचलं आणि एंटर दाबला. बराच वेळ नुसता कर्सर लुकलुकत राहिला. मग परत E: आलं. शॉर्टकट उडवण्यापूर्वी तिने `dir *.lnk` लिहून फक्त त्यांचीच यादी काढली आणि वाचली.

"आता आणखी काय बघतेस?" मी विचारलं. घड्याळ मलाच सोसवत नव्हतं.

"जे उडणार आहे ते." मग `del *.lnk`.

तिने घोणसचा फोल्डर उघडला. पहिलाच फोटो, वाळक्या पानांत वेटोळं घालून बसलेली घोणस. तो पडद्यावर आला आणि अस्मिता काउंटरजवळच्या स्टुलावर बसली. तोपर्यंत ती उभीच होती.

"पाणी घ्या," काकांनी बाटली सरकवली. "आणि तो परत माझ्या मशीनला लावू नका. प्रबंध मेल करा, छापून देतो." प्रिंटरमध्ये कागद भरता भरता ते पुढे म्हणाले, "परीक्षा झाली की या. आमच्या मशीनमधल्या व्हायरसचं डोकं कुठे आहे, तेही बघून जा."

"रंगीत पानं नीट आली तर बघू," अस्मिता म्हणाली.