बोबडे हात

मावशीला अकराच्या आत ऑपरेशनला न्यायचं होतं आणि ती कागदावर सही करत नव्हती.

"आतड्याला पीळ पडलाय," दादाने सकाळी साडेआठला फोनवर सांगितलं. दादा म्हणजे मावशीचा मुलगा. निघायचं म्हटलं तर आमच्याकडून तिकडे पोचायला दीड दिवस लागतो. "डॉक्टर म्हणतात अकरापर्यंत थांबतो, त्यापुढे काही खरं नाही. आणि आई पेन हातात धरायला तयार नाही. तुझ्या आईशी बोलायचंय म्हणते, आधी ते."

आमच्याकडे बोलणं हातांनी चालतं. आई आणि मावशी, दोघी जन्मापासून बहिऱ्या. त्यांना शाळेत कुणी घातलंच नाही (सही तेवढी येते), त्यामुळे शाळेत शिकवतात ती खुणांची भाषा त्यांना येत नाही. लहानपणी दोघींनी मिळून स्वतःची एक भाषा केली आणि ती अख्ख्या जगात त्या दोघींनाच पूर्ण येते. मला त्यातली घरापुरती येते. जेव, चल, औषध घेतलंस का, डोकं खाऊ नकोस. दादाचंही तेच.

दर रविवारी दोघी फोनवर समोरासमोर तासभर हात चालवायच्या. सहा महिन्यांपूर्वी आईने ते बंद केलं. तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसतं, मधलं जातं. माझा चेहरा बघायचा तर ती माझ्या कानाकडे बघते. फोनवर मावशीचे हात म्हणजे तिला नुसती हलणारी धूळ. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, दिवसभर लोकांना भिंगं लावून "आता स्पष्ट दिसतंय का?" विचारते, आणि घरातल्या बाईला लावायला माझ्याकडे एकही भिंग नाही. आईने बजावलं होतं, तिला सांगू नकोस, फोन बिघडलाय म्हण. सहा महिने मी तेच म्हणत आले. इतके दिवस फोन दुरुस्त होत नाही म्हणजे मावशी काय दुधखुळी आहे?

तरी मी फोन आईच्या नाकासमोर धरून पाहिला. मावशी खाटेवर पडून पुन्हा पुन्हा एकच काहीतरी विचारत होती. दोन बोटं डोळ्यांवर, मग हात खाली, मग एक हात दुसऱ्यात मिटलेला, मग तळवे उघडे. आईने मान वाकडी केली, डोळे बारीक केले आणि हात झटकला. मग मी तीच खूण स्वतः करून दाखवली.

"डोळे मिटून झोप, असं म्हणतेस तू," आईने हातांनी सांगितलं. "ती असं म्हणणार नाही. तुझे हात बोबडे आहेत."

बोबडे तर बोबडे. चाळीस वर्षांची झाले तरी ऐकून घ्यायचं.

तेव्हा मला टीव्ही सुचला. हॉलच्या भिंतीवर आमचा भलामोठा स्मार्ट टीव्ही आहे. फोनवरचं चित्र त्याच्यावर टाकलं की मावशीचे हात हातभर दिसतील. आई जवळ उभी राहून, मान वळवून, कडेच्या नजरेने वाचू शकेल. फक्त टीव्ही घरच्या वायफायला जोडायला हवा होता. दोन वर्षांत तो कधी जोडलेला नव्हता, कारण कुणाला गरजच पडली नव्हती.

राउटर असायचा मागच्या खोलीत, माझ्या पलंगामागे. तिथून हॉलपर्यंत रेंज नीट येत नाही. वायर लांब होती, म्हणून मी तो उचलून आईच्या खोलीत आणला. तिची खोली हॉलला लागूनच आहे. तिच्या पलंगाशेजारच्या कपाटावर ठेवला आणि पलंगाजवळच्या प्लगमध्ये लावला. दिवे लागले. मी स्वतःवर खूश झाले. नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती.

टीव्हीच्या पडद्यावर नेटवर्कची यादी आली. शेजारपाजारची सात-आठ आणि त्यात आमचं. पासवर्ड राउटरच्या पोटाला चिकटवलेला, बारा अक्षरांचा, लहान-मोठी अक्षरं आणि आकडे सगळी सरमिसळ. रिमोटच्या बाणाने एकेक अक्षर गाठायचं. उजवीकडे, खाली, खाली, ठीक. एक दाब जास्त पडला की पुसा. मी बारा अक्षरं घातली. गोल फिरायला लागलं. फिरलं, फिरलं, आणि पाटी आली: नेटवर्क सापडले नाही.

यादी पुन्हा उघडली. सगळ्या शेजाऱ्यांची नावं जागच्या जागी, आमचंच गायब. दोन-तीन मिनिटांनी परत आलं. मी पुन्हा बारा अक्षरं घातली. गोल फिरलं. नेटवर्क सापडले नाही.

साडेनऊ. पावणेदहा. दादाचे फोनवर फोन. "झालं का?" "होतंय." मागून कुणीतरी बाई त्याला कागदाबद्दल विचारत होती ते ऐकू येत होतं.

आई आत-बाहेर करत होती. खोलीतून यायची, थेट दारापाशी जायची, दार उघडायची, जिन्यात डोकावायची, दार लावायची आणि परत खोलीत. एकदा, दोनदा, तीनदा. दारात कुणी नव्हतं. माझा जीव टांगणीला आणि हिचं हे.

"काय चाललंय तुझं?" मी रिमोट काखेत धरून हात उडवले. "बस एका जागी!"

"आलं कुणीतरी," ती म्हणाली.

"कुणी नाही आलेलं!"

ती माझ्या कानाकडे बघत राहिली आणि परत आत गेली. वाटलं, आता डोकंही चाललं हिचं. असं वाटलं, हे मी लपवणार नाही.

दहा वाजता वायफाय देणाऱ्या कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. तिथली बाई फार गोड बोलत होती, त्याने माझा पारा आणखी चढला.

"मॅडम, राउटरवरचे दिवे लागलेत का?"

मी धावत आत गेले. आई पलंगावर राउटरकडे कान करून बसली होती, म्हणजे बघत होती. दिवे लुकलुकत होते.

"लागलेत."

"मग तो सुरू होतोय, मॅडम. दोन मिनिटं द्या त्याला."

"तो तासभर सुरूच होतोय हो!"

"वीज जातेय का मॅडम तुमच्याकडे?"

वीज गेली नव्हती. टीव्ही डोळ्यांसमोर चालू होता. बाईने माणूस पाठवते म्हटलं, उद्या दुपारपर्यंत. मी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तिची काही चूक नव्हती.

सवादहा. पुन्हा बारा अक्षरं. आता प्रत्येक अक्षर चुकत होतं. साडेदहाला दादाचा फोन आला तेव्हा तो हॅलो म्हणालाच नाही.

"तिला ताप चढलाय," म्हणाला. "डॉक्टर ओरडून गेले. मी अंगठा धरून उठवू का तिचा जबरदस्तीने? सांग ना. उठवू का?"

मी हॉलच्या मधोमध फरशीवर बसले आणि रडायला लागले, रिमोट मांडीवर घेऊन. बहिऱ्या माणसाच्या घरात रडण्याची एक सोय असते, मोठ्याने रडता येतं.

ते खालच्या मजल्यावरच्या काकांना ऐकू गेलं असावं. दाराशी पावलं वाजली आणि दारावरचा दिवा लुकलुकायला लागला. आमच्याकडे बेल वाजत नाही. बाहेर बटण दाबलं की आत दारावर एक दिवा लुकलुकत राहतो आणि तसाच दुसरा आईच्या खोलीत. दिव्याखालचं भिंतीवरचं स्विच बंद करेपर्यंत तो थांबत नाही. वडिलांनी बसवून दिलेला आहे, मी जन्मायच्या आधी.

आई लगबगीने बाहेर आली. तिने दार उघडलं. दारात काका.

"काय झालं गं पोरी?" काका म्हणाले. मी टीव्हीकडे बोट दाखवलं. काकांनी पडद्याकडे पाहिलं, चष्मा सारखा केला आणि अनुभवी माणसाच्या आवाजात विचारलं, "बंद करून परत चालू करून पाहिलंस का?"

मी काहीतरी वावगं बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. पण माझी नजर आईच्या हातावर गेली. दार उघडल्यावर तो हात, तिने न बघताच, भिंतीवरच्या स्विचवर गेला होता. खट्, बंद. दिवा थांबला. मग खट्, परत चालू, पुढच्या माणसासाठी. पन्नास वर्षं ती हेच करत आली आहे. दिवा लुकलुकला की कुणीतरी आलेलं असतं. दार उघडायचं, दिवा थांबवायचा, स्विच पुन्हा चालू करून ठेवायचा.

आणि मी सकाळी तिच्या खोलीत, तिच्या उशाशी, लुकलुकणाऱ्या पाच दिव्यांचं खोकं आणून ठेवलं होतं. मीच. एका शब्दाने न सांगता.

मी उठले ते काकांना जवळजवळ ढकलूनच. आत गेले. आई मागोमाग आली. पलंगाजवळचं बटण दाखवून मी विचारलं, "हे तू बंद केलंस?"

"लुकलुकत होतं," आई म्हणाली. "दारात कुणी नव्हतं. मला वाटलं, ती बोलावतेय." बोलावतेय म्हणताना तिने हनुवटीच्या खळीला बोट लावलं. मावशी तिला ज्या नावाने हाक मारते, ते नाव म्हणजे ही खूण.

मला तिच्यावर ओरडायचं होतं. हातांनी ओरडता येतं, मोठे हात करून. मी केले नाहीत. तिचे दोन्ही हात धरले, तिला हॉलमध्ये आणलं आणि काकांना सांगितलं, "काका, आतल्या पलंगापाशी उभे राहा. त्या बटणाला कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही." काका जाऊन पहाऱ्यावर उभे राहिले.

दहा चव्वेचाळीस. यादीत आमचं नाव आलं. बारा अक्षरं. गोल फिरलं. फिरता फिरता थांबलं आणि पडद्यावर आलं: जोडले गेले. फोनही त्याच वायफायवर घेतला, दादाला कॉल लावला, चित्र टीव्हीवर टाकलं. मावशी भिंतभर झाली. सुरकुत्या, नाकातली नळी, सुया टोचलेला डावा हात. मी फोन खुर्चीच्या पाठीला टेकवला, आई त्यात नीट दिसेल असा.

आई टीव्हीच्या अगदी जवळ गेली. मान डावीकडे वळवली. मावशीने तेच केलं जे सकाळपासून करत होती. दोन बोटं डोळ्यांवर, मग खाली, मग एक हात दुसऱ्यात मिटलेला, मग तळवे उघडे. सुया टोचलेल्या हातानेसुद्धा.

दादा तिकडून "काय म्हणते ती? काय म्हणते?" करत होता.

मी आईच्या दंडाला हात लावला. "काय विचारतेय?"

आईने मला माझ्या घरगुती भाषेत, सावकाश, लहान मुलाला सांगतात तसं सांगितलं. "ती म्हणते, तुझे डोळे गेले. मला माहीत आहे. आता माझे हात कोण बघणार? मग मी उठून कशाला?"

मी हे तोंडाने दादाला सांगितलं.

मग आईने मावशीकडे वळून आपले डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी डावा तळवा पुढे केला आणि उजव्या हाताची बोटं त्याच्यावर चालवायला लागली. टोचली, ओढली, मूठ केली, तळव्यात ठेवली आणि वरून तळवा मिटला. हे मी कधीच पाहिलं नव्हतं. मावशी बघत होती. तिचा चेहरा आधी कसनुसा झाला, मग ती रडली, मग हसली. दहा त्रेपन्नला तिने पेन मागितलं.

तिला नेलं तेव्हा टीव्हीवर रिकामी उशी राहिली. आई तरी उभीच होती. मी कॉल बंद केला.

"काय सांगितलंस तिला?" मी विचारलं.

"लहानपणी दिवा मालवला की आम्हाला बोलता यायचं नाही," आई म्हणाली. "अंधारात हात दिसत नाहीत. मग आम्ही एकमेकींच्या हातात बोलायचो. तिला म्हटलं, ते मी विसरलेले नाही. तू ये. माझ्या हातात बोल."

काका अजून बटणापाशी उभे होते. त्यांना पाणी दिलं आणि सोडलं.

अकरा ते तीन. त्या चार तासांबद्दल काय सांगू? मी फरशी पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली. दुकानातून फोन आला तो उचलला नाही. आई पलंगावर डोळे मिटून बसली होती. झोपली नव्हती. सराव करत होती. हे मला त्या दिवशी कळलं, की गेले कित्येक दिवस दुपारी ती झोपते असं मला वाटायचं, तेव्हा ती हेच करत होती.

तीन वाजून दहा मिनिटांनी दादाचा फोन आला. मी ऐकलं, दोनदा विचारून खात्री केली आणि आईकडे गेले. तिला माझ्या पावलांचा हादरा पलंगात कळला. तिने डोळे उघडले नाहीत. डावा तळवा माझ्यापुढे धरला.

मला यातलं अक्षरही येत नव्हतं. सकाळी पाहिलेलं तेवढंच. मी मूठ केली, तिच्या तळव्यात ठेवली आणि तिची बोटं मुठीवर मिटली. मावशी आहे. मग हनुवटीची खळी, तिच्याच हनुवटीवर. तुला हाक मारतेय. माझी मूठ नको तितकी घट्ट झाली होती.

आईने माझी मूठ सोडवली, अंगठा बाहेर होता तो आत घातला, बोटं सैल केली आणि परत आपल्या तळव्यात ठेवली.

"बोबडं," ती म्हणाली, डोळे मिटूनच. "परत सांग."

मी परत सांगितलं. तिला पहिल्या वेळीच कळलं होतं, तरी तिने आणखी चार वेळा सांगायला लावलं.