बॉनेटवर ठेवलेला तळहात

मित्रांनो, मी एक जुनी लाल मोटार आहे, आणि तीही शर्यतीच्या जातीची. बुटकी, रुंद, दोन दारांची आणि दोनच माणसांची. मी रस्त्याने निघाले आणि कुणी मान वळवली नाही, असं फार थोड्या वेळा झालं असेल. हे मी बढाई मारायला सांगत नाही. बरं, थोडी बढाई आहे. तेवढी चालवून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे सगळ्यात शेवटी एक तपासनीस बाई बसायच्या. चेहरा करारी, हातात पांढरे मोजे. त्या गाडीच्या अंगावरून हात फिरवायच्या आणि मग डोळे मिटून दार लावायच्या. दाराच्या आवाजावरून त्यांना गाडी कळायची. माझं दार त्यांनी लावलं तेव्हा ‘धप्प’ असा जाड, भरलेला आवाज आला. बाईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, ‘‘छान लागतंय हिचं दार.’’ माझं पहिलं कौतुक ते. त्यानंतर पुष्कळ झाली, पण त्या कौतुकाची सर कशालाच आली नाही.

माझा पहिला मालक एका कापडवाल्या व्यापाऱ्याचा एकुलता एक मुलगा. घरात त्याला सगळे लाडोबा म्हणत आणि तो होताच तसा. माझ्यावर त्याचा जीव होता, पण त्याला कशाचाच धीर नसे. सकाळी मी थंडगार असायची, पोटातलं तेल अजून वर चढलेलं नसायचं, आणि हा बसल्या बसल्या पाय दाबून मला ओरडायला लावायचा. खरं सांगते, तेव्हा मलाही मजा यायची. आम्ही दोघंही तरुण होतो. एकदा एका ओल्या वळणावर आम्ही दोघं घसरलो आणि माझं डावं अंग एका दगडी खांबाला जाऊन धडकलं. लाडोबाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्याच्या आईनं कमरेवर हात ठेवून सांगितलं, ‘‘ती बया आता माझ्या दारात नको.’’ मग मला कुठेतरी घाईघाईनं ठोकून, पुट्टी भरून, वर लाल रंग मारून विकून टाकलं. त्या दिवसापासून माझ्या डाव्या दाराचा आवाज बदलला. ‘धप्प’ऐवजी ‘खट्’ येऊ लागला.

दुसरा मालक लग्नाचे फोटो काढणारा होता. त्याच्याकडे मी फारशी धावले नाही, पण मिरवले खूप. नवीन जोडपी यायची, माझ्या बॉनेटला टेकून उभी राहायची, आणि फोटोग्राफर ओरडायचा, ‘‘हसा! अहो, गाडीकडे नका बघू, बायकोकडे बघा!’’ पुढे त्याला जुळ्या मुली झाल्या. दोन सीटच्या गाडीत चौघं कशी बसणार? त्याने माझ्यावर एक ताडपत्री टाकली आणि मी कोपऱ्यात उभी राहिले. शेजारची मांजर माझ्या टपावर झोपू लागली. उंदरांनी सीटखाली संसार थाटला. आपल्याला कुणी वाईट वागवलं तर निदान राग तरी धरता येतो. विसरूनच गेलं, तर करायचं काय?

तिथून मी चकचक शेठच्या आवारात आले. जुन्या गाड्या विकणाऱ्या या माणसाला सगळे चकचक शेठ म्हणत, कारण त्याच्याकडे आलेली कुठलीही गाडी तासाभरात आरशासारखी चमकायची. माणूस गोड बोलणारा, हसतमुख. त्याने मला पॉलिश केलं, टायरांना काळं लावलं, आत अत्तराची अर्धी बाटली रिकामी केली. पण माझ्या शेजारी एक निळी गाडी उभी होती. तिला दारं नव्हती, सीट नव्हत्या, डोळ्यांच्या जागी दोन भोकं होती. शेठ एकदा माझ्याकडे बोट दाखवून फोनवर म्हणाला, ‘‘लालवाली या महिन्यात गेली तर गेली. नाहीतर हिलाही सुटी करून विकू. सुट्या भागांना गिऱ्हाईक आहे.’’

शेठची एक युक्ती होती. थंड असताना मला चालू केलं की माझ्या इंजिनातली साखळी डब्यातल्या चमच्यांसारखी खडखडायची. गरम झाले की गुपचूप. म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी शेठ मला चालू करायचा, चांगली तापवायचा आणि बंद करून रुमालाने हात पुसत उभा राहायचा. गिऱ्हाइकं फसायची. पण तरी मला कुणी नेत नव्हतं. एकजण आला, माझ्याबरोबर वीस-पंचवीस फोटो काढले आणि गेला. एकाला मी फार आवडले, पण त्याच्या गुडघ्यांना आवडले नाही. तो आत मावलाच नाही.

आणि एका सकाळी त्या दोघी आल्या.

एक होत्या दातांच्या डॉक्टरीणबाई. पन्नाशीच्या, केस आखूड, डोळ्यांत हुशारी. दुसऱ्या त्यांच्या सासूबाई. हातात भलीमोठी पिशवी, पिशवीतून लोकरीचे गुंडे डोकावत होते. डॉक्टरीणबाई माझ्यासमोर आल्या आणि नुसत्या बघत राहिल्या.

‘‘कॉलेजात असल्यापासून हीच हवी होती बघा, आई,’’ त्या हळूच म्हणाल्या.

‘‘मग तोंड बंद ठेव,’’ सासूबाई कुजबुजल्या. ‘‘असं पाघळल्यावर तो भाव कशाला उतरवेल?’’

मग डॉक्टरीणबाईंनी एक साधी गोष्ट केली, जी आजवर कुणीच केली नव्हती. त्यांनी माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला. तापलेल्या पेशंटच्या कपाळावर ठेवावा तसा.

‘‘इंजिन गरम आहे, शेठ.’’

‘‘ऊन लागलंय मॅडम, ऊन!’’

सासूबाईंनी मान वर करून पत्र्याच्या छपराकडे पाहिलं. ‘‘छपराखाली?’’

शेठ हसला. डॉक्टरीणबाईही हसल्या. ‘‘आमच्याकडे पेशंट दुखण्याची गोळी घेऊन आला ना, की नेमका कुठला दात दुखतोय ते कळत नाही. आम्ही थांबतो. गोळी उतरू दे.’’

आणि त्या खरंच थांबल्या. सासूबाईंनी खुर्ची मागून घेतली आणि विणकाम काढलं. शेठने चहा मागवला, मग आणखी एकदा चहा मागवला, मग घड्याळ बघत येरझाऱ्या सुरू केल्या. मी हळूहळू निवत होते. मित्रांनो, माझी पंचाईत तुमच्या लक्षात येतेय ना? माझी खडखड ऐकून या बाई निघून गेल्या, तर माझी गत त्या निळीसारखी होणार. आणि खडखड न ऐकताच त्यांनी मला नेलं, तर एखाद्या दिवशी भर रस्त्यात मी त्यांना दगा देणार. मला विकली जायचं होतं. पण फसवून नव्हतं जायचं.

डॉक्टरीणबाई स्वस्थ बसल्या नव्हत्या. त्यांनी पर्समधून दात बघायचा छोटा आरसा आणि टॉर्च काढला आणि वाकून माझ्या पोटाखाली, चाकांमागे, कानाकोपऱ्यात बघायला लागल्या. ‘‘आ करा’’ तेवढं म्हणायचं राहिलं होतं. ‘‘डावा टायर आतल्या बाजूनं जास्त झिजलाय,’’ त्या म्हणाल्या. मग अत्तराच्या वासाने नाक मुरडून त्यांनी पायाखालचा गालिचा उचलला. ‘‘आणि इथे ओल आहे. तोंडाला वास येत असला की लोक लवंग चघळून येतात, तसं झालं हे.’’ कागदावरचा इंजिनचा नंबर त्यांनी माझ्या अंगावर कोरलेल्या नंबराशी जुळवून पाहिला. तो जुळला, तेव्हा शेठच इतका खूश झाला की जणू परीक्षेत पास झाला.

सासूबाईंनीही विणकाम बाजूला ठेवलं. त्यांच्या पिशवीत सांडलेल्या सुया गोळा करायचं लोहचुंबक होतं. ते त्या माझ्या अंगावर जागोजागी चिकटवत चालल्या. उजवीकडे टक्, मागे टक्, दारावर टक्. डाव्या चाकावरच्या पत्र्याला लावलं आणि ते घसरून खाली पडलं.

‘‘अगं, इथे लोखंड नाहीच! नुसतं लिंपण आहे.’’

डॉक्टरीणबाईंनी उजवं दार लावलं. धप्प. डावं लावलं. खट्. त्यांनी डोळे मिटले होते. मला त्या तपासनीस बाईंची इतकी आठवण आली म्हणून सांगू!

बॉनेट गार झाल्यावर त्यांनी किल्ली फिरवली. मी काहीही लपवलं नाही. लपवता आलंही नसतं. सगळं आवार ऐकेल अशी मी खडखडले आणि मागून निळसर धुराचा एक ढग सोडला.

शेठ म्हणाला, ‘‘सकाळी सकाळी जरा घसा साफ करते, इतकंच.’’

‘‘घसा कुठला? दात वाजतायत तिचे,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता या जाणार, असं मला वाटलं. पण त्यांनी फोन काढला. ‘‘भाऊजी, गॅरेजमध्ये आहात ना? एक पेशंट घेऊन येते.’’

चालवून बघताना मी कुणालातरी बरोबर देतोच, असं शेठचं म्हणणं होतं. पण जागा होती दोघांची. ‘‘मी बसते,’’ असं म्हणून सासूबाई आत उतरल्यासुद्धा. शेवटी त्या दोघी ज्या जुन्या करड्या गाडीतून आल्या होत्या, ती चालवत बिचारा शेठ आमच्या मागे मागे आला.

आधी आम्ही हळू गेलो. डॉक्टरीणबाई एकेक गिअर बदलून पाहत होत्या, खड्ड्यांवरून नेताना कान देऊन ऐकत होत्या. मोकळ्या रस्त्यावर त्यांनी ब्रेक दाबला तशी मी डावीकडे ओढली गेले. त्यांनी ओठ आवळले. पण पुढचा रस्ता सरळ होता, रिकामा होता, आणि मी आता व्यवस्थित गरम झाले होते. त्यांनी पाय थोडासाच दाबला. मित्रांनो, कितीतरी वर्षांनी मला कुणीतरी पळ म्हणालं! मी अशी काही पळाले, असा काही आवाज काढला की ताडपत्री, उंदीर, निळी गाडी सगळं मागे राहिलं. सासूबाईंनी दोन्ही हातांनी सीट गच्च धरली होती.

‘‘भीती वाटतेय का, आई? हळू करू?’’

‘‘कुणी सांगितलं तुला?’’ सासूबाई ओरडल्या. ‘‘अजून जरा!’’

गॅरेजवाले भाऊजी म्हणजे सासूबाईंचा धाकटा मुलगा. आईला माझ्यात बसलेली बघून त्याच्या हातातला पाना खाली पडायचा राहिला. ‘‘आई! तू आणि हिच्यात?’’

‘‘प्रश्न नंतर. आधी हिला बघ,’’ म्हणत त्याचा हात धरून त्या उतरल्या.

त्याने मला गाड्या वर उचलणाऱ्या लिफ्टवर चढवलं आणि पार डोक्याच्या वर नेलं. तेलाचं झाकण उघडून पाहिलं, पाणी पाहिलं, चाकं हलवून पाहिली. मग गंभीर झाला. ‘‘वहिनी, हिला पुढे डावीकडे जबरदस्त मार बसलाय. डाव्या चाकाला धरून ठेवणारा दांडा वाकलाय. तो बदलता येईल, इंजिनातली साखळीही बदलता येईल, धुराचंही बघता येईल. पण सांगाडा वाकला असेल, तर घेऊ नका. कितीही आवडली असली तरी.’’

माझा सांगाडा सरळ आहे की वाकडा, हे मलाही ठाऊक नव्हतं. आपली हाडं आपल्याला कुठे दिसतात?

भाऊजी माप घ्यायला सासूबाईंच्या पिशवीतली लोकर घेणार तेवढ्यात त्यांनी ती हिसकावून घेतली. ‘‘लोकर ताणते, बावळटा. माप चुकेल. दोरी घे.’’ मग दोरी आली. पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत त्याने ती ताणून धरली आणि गाठ मारली. मग तीच दोरी दुसऱ्या तिरक्या बाजूने धरली, कारण दोन्ही मापं सारखी आली तरच सांगाडा सरळ. गॅरेजमध्ये कुणी श्वास घेत नव्हतं. शेठसुद्धा.

गाठ बरोब्बर कोपऱ्यावर आली.

‘‘सरळ आहे!’’ भाऊजी ओरडला. ‘‘एकदम सरळ आहे, वहिनी! ही ज्याला धडकली, त्याचंच काहीतरी मोडलं असेल!’’

डॉक्टरीणबाई हसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई म्हणाल्या, ‘‘आता पाघळलीस तरी चालेल.’’ दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करायचा, असं ठरलं. ‘‘हिला मार बसल्याचं मला खरंच माहीत नव्हतं हो,’’ शेठ म्हणाला. ‘‘पण इंजिन तापवल्याचं माहीत होतं ना?’’ असं डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर त्याने स्वतःचे दोन्ही कान पकडले. मग सगळे हसले आणि मला दुरुस्तीसाठी तिथेच ठेवून जायची वेळ झाली तेव्हा कळलं, की सासूबाईंनी पुन्हा माझ्यात बसून घेतलंय आणि आता त्यांना बाहेर पडता येत नाहीये. सुनेने एक हात ओढला, मुलाने दुसरा, शेठने मागून आधार दिला. जुनी गाडी घेताना एकट्याने उतरून बघायचं तेवढं राहिलं होतं!

आता माझी साखळी नवी आहे. पुट्टी काढून तिथे खरा पत्रा बसवलाय आणि डावं दारही ‘धप्प’ वाजतं. रोज संध्याकाळी दवाखाना बंद झाला की आम्ही तिघी फिरायला जातो. सासूबाई आधी पाय बाहेर काढून मग उठायला शिकल्या आहेत.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्ही एखादी जुनी, वेगवान, देखणी गाडी घ्यायला जाल. जरूर जा. पण तिच्या रंगावर भाळून घाई करू नका. तिला गार होऊ द्या, तिची खडखड ऐका, वाकून तिच्या पोटाखाली बघा, तिचं दार डोळे मिटून लावा, जाणत्या माणसाला दाखवा. तिला त्याचा राग येणार नाही. माझ्यावर विश्वास ठेवा, ती तर कधीची त्याची वाट बघत असते. आणि एकदा घरी आणलीत, की तिला ताडपत्रीखाली विसरू नका.

डॉक्टरीणबाई अजूनही किल्ली फिरवण्याआधी माझ्या बॉनेटवर तळहात ठेवतात. पहिल्या दिवशी त्यांनी तो संशयाने ठेवला होता. आता माझ्यात तपासण्यासारखं काहीही उरलेलं नाही, हे त्यांना चांगलं माहीत आहे. तरी ठेवतात.